कोरड्या हातांची बाई

गेटवरच्या मशीनने हौसामावशींना ओळखलं नाही, तेव्हा मी त्यांच्या बरोबर मागे उभी होते.

मशीन म्हणजे भिंतीवर बसवलेला वहीएवढा पडदा. त्याच्यासमोर चेहरा धरायचा, हिरवा दिवा लागला की लोखंडी फाटक उघडायचं. मावशींनी चेहरा धरला. लाल दिवा. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा उभ्या राहिल्या. पुन्हा लाल. मग "चष्म्यानं घोटाळा केला वाटतं," म्हणत चष्मा काढून पाहिला. मशीनला चष्म्याशी काही देणंघेणं नव्हतं.

मागे रांग होती. बाराची शिफ्ट, आणि उशीर झाला की मशीन तोही टिपून ठेवायचं, त्यामुळे बायकांची चुळबुळ सुरू झाली. वॉचमन भदाणे खुर्चीवरून उठला.

"मावशी, जरा बाजूला व्हा. बाकीच्यांना जाऊ द्या."

"अरे, मला आजची शिफ्ट लागलीय. हिनंच काल घरी येऊन सांगितलं. सांग की गं, वैजू."

सगळ्या रांगेने माझ्याकडे पाहिलं. मावशींनी त्या दिवशी एप्रन धुऊन, इस्त्री करून आणला होता. त्यांच्या घरी इस्त्री नव्हती, म्हणजे कुणाकडून तरी करून घेतला असणार.

"हो, मीच सांगितलं," मी म्हणाले. "काहीतरी गडबड असेल. मी आत जाऊन विचारते. तुम्ही थांबा इथेच."

मी चेहरा धरला. हिरवा दिवा लागला. मी आत गेले आणि फाटक माझ्या पाठीमागे बंद झालं. आत जाऊन नेमकं कुणाला विचारायचं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. विचारावं असं तिथे कुणी उरलंच नव्हतं.

पूर्वी होतं. मोगलबाई होत्या.

नाशकात सातपूरच्या एमआयडीसीत गायधनी साहेबांचं मोठं स्वयंपाकघर होतं. आसपासच्या कारखान्यांच्या कॅन्टीनला तिथून जेवण जायचं. भाजी-वरणाला आचारी होते, पोळ्यांना आम्ही बायका. त्या सगळ्या बायकांवर मोगलबाई. उद्या कोण येणार, कोण नाही, कोण भट्टीवर, कोण लाटायला, सगळं त्यांच्या तोंडी. बाई काही धुतल्या तांदळाची नव्हती. उन्हाळ्यात जी त्यांच्या घरी जाऊन कुरडया घालून येई, तिला पुढे महिनाभर काम कमी पडत नसे. मी कधी गेले नाही, म्हणून मला कायम भट्टीच्या तोंडाशी उभं केलं. मी त्यांना मनात काय काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग साहेबांनी ॲप आणलं. आता कुणी कायम नाही, जिला जमेल तिने जमेल तेव्हा यावं. रोज दुपारी चार वाजता दुसऱ्या दिवशीच्या शिफ्ट फोनवर उघडणार. जिने आधी बोट लावलं तिची शिफ्ट. "आता कुणाची मर्जी सांभाळायला नको," साहेब आम्हाला म्हणाले, "तुमच्या वेळेच्या तुम्हीच मालकिणी." मोगलबाईंना निरोपाचा नारळ आणि शाल मिळाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सुंठीवाचून खोकला गेला, असं शोभा माझ्या कानात म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मोगलबाईंनी वळून पाहिलं.

ॲप बनवणाऱ्यांनी पोळ्या लाटणारी बाई बहुधा कधी पाहिली नसावी. चार वाजता पोळ्यांची ऐन घाई असते. पाचला गाड्या सुटतात, त्याआधी हात थांबवून चालत नाही, आणि तो हात पिठाने आणि तेलाने बरबटलेला असतो. तसला हात फोनला लावला तर फोनही घसरतो आणि पोळीही करपते. तोपर्यंत मला भट्टीवरून हलवून पॅकिंगच्या टेबलावर बसवलं होतं. माझं काम पोळ्या मोजून कागदात गुंडाळायचं. म्हणजे सगळ्या खोलीत हात कोरडे असलेली बाई एकच, मी.

पहिल्यांदा शोभाने फोन आणून दिला. ती माझी शेजारीण, माझ्या मुलीला शाळेतून घरी आणायची ती तिची सासू. तिला नाही कसं म्हणणार? मग अलकाने दिला. मग निर्मलाने. शेवटी हौसामावशींनी. त्यांच्या बोटांची टोकं तव्यावर इतकी वर्षं भाजून निघाली होती की स्वच्छ हातानेसुद्धा पडदा त्यांना जुमानत नसे. "तुझ्याकडंच राहू दे गं हा," त्या म्हणाल्या. "मला काय करायचाय घरी नेऊन?"

दुसऱ्याचा फोन हाताळायची सक्त मनाई होती. सापडलं तर हाताळणारीचं नाव बंद आणि जिचा फोन तिचंही. पण कोण बघतंय? चार वाजता मी हातमोजा काढायची आणि टेबलावर मांडलेल्या फोनांवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बोट फिरवत जायची. शिफ्ट भरपूर होत्या. सगळ्यांना मिळायच्या. "झालं गं," म्हणत मी फोन परत द्यायची आणि बायका मला दुवा द्यायच्या. खरं सांगते, मला ते आवडायचं.

दिवाळीनंतर एका मोठ्या कारखान्याने कॅन्टीनच बंद केलं. शिफ्ट एकदम कमी झाल्या. आता चार वाजले की पापणी लवायच्या आत पडदा रिकामा व्हायचा. पहिल्या फोनला हमखास मिळायची, दुसऱ्या-तिसऱ्याला मिळायची, चौथ्याला कधी हो कधी नाही. पाचव्यापर्यंत बोट पोचेपर्यंत सगळं संपलेलं असायचं.

पहिला फोन माझा. आपला हात जगन्नाथ, यात कुणाला नवल वाटायचं कारण नाही. दुसरा शोभाचा, कारण मुलगी. तिसरा अलकाचा, तिचा नवरा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. चौथा निर्मलाचा, कारण तिला शिफ्ट मिळाली नाही तर ती सगळं स्वयंपाकघर डोक्यावर घेई. पाचवा मावशींचा. त्यांचा मुलगा सुरतेला कारखान्यात होता, चांगला कमावता होता, हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. शिवाय त्यांच्या तोंडून तक्रारीचा शब्द कधी निघत नसे. मी बसून असा विचार केला नव्हता. फोन हळूहळू तसे मांडले गेले आणि मी ते तसेच राहू दिले.

घरी जाताना मावशींची खोली वाटेवर लागायची. त्या दारात उभ्या असायच्या.

"आज?"

"नाही मिळाली, मावशी."

"बरं. उद्या बघू."

असं रोज. मग एक दिवस त्यांच्या नावापुढे पिवळा ठिपका आला. खाली मराठीत स्वच्छ लिहिलं होतं की आपण बऱ्याच दिवसांत काम स्वीकारलेलं नाही, लवकरच आपलं नाव यादीतून कमी होऊ शकतं. मी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. पुढचे काही दिवस उलटा करून पाहिलाच नाही.

गेटवरच्या प्रकाराच्या आदल्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. चार वाजता मी सगळ्यात आधी मावशींच्या फोनला बोट लावलं. पडद्यावर चक्र फिरलं, इंग्रजीत एक ओळ आली आणि गेली. मिळाली असं धरून मी घाईघाईने माझ्या फोनकडे वळले. संध्याकाळी मावशींना जाऊन सांगितलं, "उद्या या." त्यांनी माझ्या गालांवरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

ती इंग्रजी ओळ काय होती, ते गेटवर लाल दिवा लागल्यावर मला कळलं.

त्या दिवशी पहिला तासभर मी पोळ्या गुंडाळत होते आणि खिडकीतून गेटकडे बघत होते. मावशी वॉचमनच्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. एप्रन मांडीवर घडी करून ठेवला होता. थोड्या वेळाने मी पुन्हा पाहिलं, तर त्या नव्हत्या.

मी शोभाजवळ गेले. ती लाटत होती, मान वर न करता म्हणाली, "मला माहितीये तू काय करणारेस. करू नकोस."

"साहेबांना नुसतं सांगते, की त्यांना परत घ्या."

"ते विचारतील, का म्हणून? आणि तू खरं बोलशील. तुझं तोंड मला ठाऊक आहे. फोन तुझ्याकडे असतात हे बाहेर आलं की आपल्या पाचही जणींची नावं बंद. अलकाचं काय होईल? माझं काय होईल?"

"आणि मावशींचं?"

"त्यांना मुलगा आहे, वैजू." शोभाने पोळी तव्यावर टाकली. "आपल्याला कोण आहे?"

मी तरी केबिनमध्ये गेले. गायधनी साहेब माणूस वाईट नव्हता. सणासुदीला प्रत्येकीला मिठाईचा पुडा स्वतःच्या हाताने द्यायचा, नावानिशी विचारपूस करायचा. त्याने मला बस म्हटलं. मी उभीच राहिले.

"साहेब, हौसाबाई बोडके. गेटवर त्यांना घेतलं नाही आज."

त्याने कॉम्प्युटरवर नाव शोधलं. "कमी झालंय नाव. परवाच."

"का काढलंत तुम्ही त्यांना?"

"मी?" त्याला खरंच वाईट वाटलं. "वैजयंती, मी एकाही बाईला काढलेलं नाही. मोगलबाई होत्या तेव्हा रोज माझ्या दारात दोघीतिघी रडत उभ्या असायच्या. आता एक तरी येते का? हे बघ." त्याने पडदा माझ्याकडे फिरवला. "हौसाबाईंनी इतक्या दिवसांत वेळेवर एकदाही शिफ्ट मागितलेली नाही. रोज उशिरा. त्यांना काम नको असेल, किंवा झेपत नसेल. वय झालं. सिस्टिमला जे दिसलं ते तिने केलं."

पडद्यावर ओळीने वेळा होत्या. प्रत्येक वेळ माझ्या बोटाची होती. मी आधी चार फोन उरकले होते म्हणून ती उशिराची होती. हे कळायला मला शिकलेलं असायची गरज नव्हती. फक्त तोंड उघडायची गरज होती.

"काही सांगायचंय का?" साहेब म्हणाला. "काही कारण असेल, आजारपण वगैरे, तर मी ॲपवाल्या कंपनीला लिहून पाठवतो. परत घेतील. कारण मात्र लागेल."

मला आठवतं, त्याच्या टेबलावर काचेखाली त्याच्या मुलीचा फोटो होता. मी त्या फोटोकडे बघत राहिले. माझी मुलगी तेव्हा शोभाच्या सासूच्या ओट्यावर बसून भात खात असणार.

"नाही, साहेब," मी म्हणाले. "मला काही माहीत नाही."

"मग जाऊ दे. आणि तुझं रेटिंग छान आहे हं. असंच ठेव."

पुढच्या वर्षी त्याच रेटिंगवर मला टीम लीडर केलं. गळ्यात घालायला ओळखपत्र मिळालं. मी ते घेतलं.

त्या दिवशीही चार वाजले. मी माझ्या, शोभाच्या, अलकाच्या, निर्मलाच्या फोनला बोट लावलं. चौघींना शिफ्ट मिळाल्या. पाचवा फोन टेबलावर पडून होता. त्याला हात लावला नाही.

पाचला सुटल्यावर तो फोन पर्समध्ये टाकून मी निघाले. मावशी नेहमीसारख्या दारात उभ्या नव्हत्या. दार उघडंच होतं. मी चप्पल काढून आत गेले. एवढ्या दिवसांत मी उंबऱ्याच्या आत कधी गेलेच नव्हते.

एकच खोली, पण आरशासारखी लख्ख. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक पेला. कोपऱ्यात एकाच अंथरुणाची वळकटी. मावशी स्टोव्हपाशी बसल्या होत्या. इस्त्रीचा एप्रन खुंटीला टांगलेला होता.

"ये," त्या म्हणाल्या. "बस. चहा टाकते."

"चहा नको, मावशी. तुमचा फोन आणलाय."

"ठेव तिथं."

मी फोन ठेवला. मग विचारलं, "मुलाला कळवलं का? सुरतेला?"

"फोन किती दिवस तुझ्याकडं व्हता?"

"महिना झाला असेल."

"वाजला का कधी?"

मी आठवून पाहिलं. आठवायला काही नव्हतंच. बाकीच्यांचे फोन सारखे वाजायचे, मुलांचे, नवऱ्यांचे, बहिणींचे. मावशींचा फोन महिनाभर माझ्या हाताशी होता आणि एकदाही वाजला नव्हता, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेती तर बरं, असं वाटलं.

"तुम्हीच तर सांगायचात, मुलगा कमावता आहे म्हणून."

"मग काय सांगू? चार बायकांत बसून म्हणू का, की माझा पोरगा मला टाकून गेलाय? मोगलबाईला तेवढं ठाऊक व्हतं. तिनं विचारलं व्हतं एकदा, मागच्या दाराशी नेऊन."

स्टोव्हचा आवाज चालू होता. मी म्हणाले, "मावशी, तुमचा फोन मी शेवटी लावायची. रोज. म्हणून तुम्हाला मिळत नव्हती."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"मी लाटायची तिथनं तुझं टेबल समोर दिसतं. पहिल्या आठवड्यातच दिसलं मला. तुझा, शोभाचा, अलकाचा, निर्मलाचा, मग माझा."

"मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"तू बोलशील म्हणून." त्यांनी स्टोव्ह बंद केला. खोली एकदम शांत झाली. "मोगलबाईनं मला काही कमी वेळा घरी बसवलं नाही. पण गाठून सांगायची. हौसे, उद्या तुला नाही, अलकाला देते, तिच्या घरी आजारपण आहे. मी घरी येऊन तिच्या नावानं बोटं मोडायची, आणि परवाच्याला पुन्हा जायची. तू रोज दारात येऊन म्हणायचीस, नाही मिळाली. मग मी कुणाच्या नावानं बोटं मोडू? मी आपली म्हणायची, नशीबच फुटकं."

मला रडू यायला लागलं. मावशींनी ते पाहिलं, पण जवळ आल्या नाहीत.

"साहेबाकडं गेली व्हतीस ना?"

"गेले होते."

"सांगितलंस? फोन तुझ्याकडं असतात ते?"

"नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांचीच नावं..."

"ते कळतं मला. सगळ्यांची गेली असती, खरं आहे. अलकाच्या पोरांच्या पोटावर पाय आला असता." त्यांनी पेला पुसला, जागेवर ठेवला. "पण बरं केलंस, असं माझ्या तोंडातनं निघायचं नाही. ते ऐकायला आली असशील तर उगाच आलीस."

मी त्याचसाठी आले होते. हे मला त्यांनी म्हटल्यावर कळलं. मी डोळे पुसून उठले, पर्स उचलली.

"थांब," त्या म्हणाल्या. "मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

"काय?"

"की मी कामावर नाही म्हणून. मशीननं तांबडा दिवा लावला, भदाणे म्हणाला बाजूला व्हा. तू म्हणालीस थांबा. मी थांबले. तू बाहेर आली नाहीस, मग मीच उठून आले. उद्या बाराला मी पुन्हा गेटवर जाऊ का नको? कुणी तरी सांगायला पाहिजे का नको?"

"मावशी, ते आता नाही घेणार."

"ते कोण?"

साहेब म्हणाला होता मी काढलं नाही. ॲपला तोंड नव्हतं. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"मोगलबाई म्हणायची तसं म्हण," मावशी म्हणाल्या. त्या भिंतीला धरून उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, हात पुढे बांधून, कामावर बाई उभी राहते तशा. "नीट तोंडाकडं बघून म्हण."

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या आईच्या वयाची बाई.

"हौसाबाई," मी म्हणाले, "उद्यापासून तुम्हाला काम नाही. मी दुसऱ्यांना दिलं."

मावशींनी मान हलवली. मग त्यांनी मला अशी एक शिवी घातली, जी मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकली नव्हती आणि नंतर कुणाच्याच तोंडून ऐकली नाही. शिवी देऊन झाल्यावर त्यांनी खुंटीवरचा एप्रन काढून माझ्या हातात दिला.

"जा आता," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी मला दुसरीकडं काम बघायला निघायचंय."